रांगेच्या शेवटी चैती

मला स्वप्नंसुद्धा रकान्यांत पडतात. डावीकडे मुलींची नावं, वरच्या ओळीत खेळांची नावं, आणि मधल्या प्रत्येक चौकोनात एक किंवा शून्य. एक म्हणजे ती मुलगी त्या खेळात आहे, शून्य म्हणजे नाही. कधी कधी पहाटेच्या झोपेत त्या चौकोनांमधून धुई, म्हणजे आमच्याकडचं धुकं, वाहायला लागते, शून्यं हलकी होऊन तरंगत निघून जातात, आणि मी जागी होते. जागी झाल्यावर पहिलं काम म्हणजे त्या दिवसाच्या कामांची यादी. भाजीची यादी वेगळी.

नोकरी माझी अहेरीला, आकडेवारीची. आश्रमशाळांत मुली किती, गाद्या किती, तांदूळ किती लागणार, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. एका वर्षी साहेबांनी त्या टेबलावर आणखी एक कागद ठेवला. आमच्या शाळांमधल्या मुलींचा एक संघ दरवर्षी दिवाळीनंतर नागपूरच्या विभागीय स्पर्धांना जातो, तो निवडायचा होता. तोवर ती निवड बंद खोलीत चहावर व्हायची. प्रत्येक मुख्याध्यापक म्हणायचे, “आमची एक तरी घ्या.” सगळ्यांची एक तरी घेता घेता संघ व्हायचा, आणि सगळेच रुसून घरी जायचे.

मी चिमूरकडच्या एका गावातली. आमची माणसं तळ्यावर जगणारी. मोठं जाळं ओढायच्या सकाळी वडील काठावर उभे राहून कोण कुठं धरणार ते ठरवायचे. उंच माणूस काठाजवळच्या पाण्यात वाया जातो, बुटका खोल पाण्यात बुडतो. दोघे भांडकुदळ भाऊ शेजारी चालत नाहीत. ज्याला नीट ओरडता येतं त्यानं टोकाला उभं राहावं. अशा दहा अटी वडील तळ्यावरच्या धुईकडे बघत मनातल्या मनात जुळवायचे, आणि मग एकेकाचं नाव घ्यायचे. मी जे करते ते हेच. फक्त माझ्याकडे संगणक आहे.

या पद्धतीला इंटिजर प्रोग्रॅमिंग म्हणतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. प्रत्येक मुलगी प्रत्येक खेळात साधारण किती गुण मिळवून देईल याचा अंदाज आपण भरायचा. मग अटी सांगायच्या: एका मुलीला इतकेच खेळ, एका खेळात इतक्याच मुली, आणि सगळ्या मिळून एका बसमध्ये मावतील एवढ्याच. एवढं सांगितलं की यंत्र सगळ्या शक्यता चाळून सर्वांत जास्त गुणांचा संघ काढून देतं. इंटिजर म्हणजे पूर्णांक. ही अट मी पहिल्यांदा द्यायला विसरले, तेव्हा उत्तरात एक मुलगी अर्धी चारशे मीटरमध्ये आणि अर्धी लांब उडीत आली होती. अर्धा माणूस जाळं धरत नाही, हे मला वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं. यंत्राला ते सांगायचं राहून गेलं.

त्याच वर्षी यंत्रानं कबड्डीचा संघ दिला तो सगळाच्या सगळा चढाई करणाऱ्या मुलींचा. गुण चढाईचेच भरले होते, तर ते बिचारं दुसरं काय करणार? यादी बघून देवाजी सर पोट धरून हसले. देवाजी सर भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक. तिकडचेच, जंगलातल्या गावातले.

“बाई, ह्या सगळ्याच जातीन चढाईले. मंग घरी कोण राहीन? पकडाले तुम्ही येता का?”

मी पकडीची अट घातली. पुढच्या वर्षी आणखी चार. अशा चुका होत होत माझ्या अटींची यादी लांबली, आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान आहे. त्या यादीत एकही अट कोणाच्या फोनवरून आलेली नाही.

फोन मात्र यायचे. एका मुलीचे मामा, इकडचे वजनदार गृहस्थ, एकदा म्हणाले, “एक नाव वाढवून टाका ना बाई. काय जाते तुमचं?”

“बसमध्ये सीट नाही, भाऊ.”

“मांडीवर बसून जाईन माही भाची.”

“कोणाच्या मांडीवर?”

ते हसले, पण फोन ठेवताना हसत नव्हते. मी त्यांना सांगितलं ते सगळ्यांनाच सांगत आले. उत्तर मी हातानं बदलत नाही. भरलेला आकडा चुकीचा असेल तर दाखवा, राहिलेली अट दाखवा, मी सर्वांसमोर दुरुस्त करीन. पण उत्तर आलं की ते आलं.

हे वाक्य देवाजी सरांना ऐकवायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

ती वेळ आली त्या वर्षी पाऊस लांबला. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून उतरेना, भामरागडचा रस्ता पुन्हा पुन्हा तुटायचा. मला चाचण्यांना जाता आलं नाही. रेंज मिळेल तेव्हा देवाजी सर फोनवर वेळा कळवायचे. त्यांच्या शाळेत एकाच गावच्या पाच मुली पंधराशे मीटर पळायच्या. पुढं रूपी, शेवटी चैती, मध्ये तिघी. प्रत्येक चाचणीत हाच क्रम. मी आकडे भरले. बस भरत आली होती, त्या गावातून एकीपुरतीच जागा निघत होती. यंत्रानं रूपीसमोर एक लिहिला आणि चैतीसमोर शून्य.

यादी पोचताच सरांचा फोन आला.

“बाई, चैतीचं नाव नाई दिसून राह्यलं.”

“पाचांत शेवटची आहे, सर.”

“ते पळते, बाई.”

“मग वेळ का नाही येत?”

“आता ते मले सांगता नाई येत. पण ते पळते. एकडाव या, डोळ्यानं पाहा.” मग म्हणाले, “यंदाचंच वर्ष हाये तिचं. पुढच्या वर्षी वयात नाई बसत. वसतिगृहवाले पोरी पाहाले नागपूरलेच येते, इथी कोणी येत नाई. ह्या बसमधी नाई बसली तर दहावी करून घरी जाईन. झालं मंग.”

क्रीडा वसतिगृहात निवड झाली तर राहणं, शिक्षण, खेळ, सगळं मिळतं. हे मला ठाऊक होतं. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. मग म्हटलं, “यादी वर पाठवायला थोडे दिवस आहेत. रस्ता सुरू झाला की मी येते. आकडा चुकला असेल तर दाखवा.”

रस्ता सुरू झाला आणि मी निघाले. पावसानंतरचं ते जंगल मला कधी पूर्ण जागेपणी पाहिल्यासारखं वाटत नाही. सागाची पानं पंख्याएवढी झालेली असतात, मोहाच्या झाडांखाली ओली सावली साचलेली असते, आणि गाडी वळणामागून वळणं घेत असते. आपण कुठून निघालो ते विसरायला होतं. हातातल्या कामांच्या यादीवर माझा पेन किती वेळ एकाच शब्दावर टेकला होता कोणास ठाऊक. शाळा आली तेव्हा मैदानावर धुई होती आणि चुन्याची रेघ तिच्यात विरघळल्यासारखी दिसत होती.

पाचही मुली पळाल्या. पुढं रूपी, शेवटी चैती. धुईत शिरायच्या, पलीकडून निघायच्या, तोच क्रम, तेवढंच अंतर, पाय एकाच ठेक्यात. कोणी कोणाला मागं टाकत नव्हतं. एका दोरीत ओवल्यासारख्या. बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं. स्टॉपवॉच हातात होतं म्हणून बरं. वेळा आधीसारख्याच आल्या. एकच गोष्ट डोळ्यांत राहिली. बाकीच्या धापा टाकत होत्या, चैतीचा श्वास सरळ चालला होता. आणि पळताना ती मधूनच मान वळवून मागं बघत होती. मागं तर कोणी नव्हतं.

“मागं काय बघतेस गं?”

तिनं खांदे उडवले. “काही नाई, बाई.”

मग तिला एकटीला पळवून पाहिलं. ती आणखीच हळू पळाली. अर्ध्या फेरीत चालायलाच लागली, जणू रस्ता चुकलेलं माणूस. देवाजी सरांनी कपाळावर हात मारला. मी यादीत लिहिलं: चैती, बदल नाही.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. मुली नदीवर कपडे धुवायला निघाल्या, मीही त्यांच्याबरोबर गेले. अहेरीला परतायची गाडी दुपारी होती आणि नदी मला बघायची होतीच. पाऊलवाट एका माणसापुरती. पुढं रूपी, हातातल्या काठीनं गवत बाजूला करत. मग तिघी. मग मी. माझ्यामागं चैती. माझ्या चपलेत काटा शिरला म्हणून मी थांबले, तर तीही थांबली.

“जा पुढं तू.”

“नाई बाई. मी मागं राहतो.”

“काऊन?”

“मागचं पाहा लागते ना,” ती म्हणाली. एवढं साधं मला कळू नये याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

नदीवरून परतताना माझी पिशवी काठावरच्या दगडावर राहिली. तोंड धुताना काढलेला चष्मा तिच्यातच होता. मला ते अर्ध्या वाटेत कळलं. “पिशवी” एवढंच मी म्हटलं आणि चैती वळून गेलीसुद्धा. बाकीच्या थांबल्या नाहीत. मी विचारलं तर रूपी मागं न बघता म्हणाली, “ते येते.” आम्ही चालत राहिलो. चष्मा नसल्यामुळे झाडं एकमेकांत मिसळली होती, ऊन पानांतून गळत होतं, आणि सगळं जंगल पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. आणि मग मागून पावलांचा आवाज आला. आवाज तरी कसला, पानांची नुसती सळसळ. मी वळले. त्या अंधूक हिरव्यातून एक आकृती इतक्या वेगानं येत होती की क्षणभर मला ते माणूस वाटलंच नाही. पिशवी डोक्यावर, एक हात पिशवीला. ती रांगेपाशी पोचली, पाय हळू केले, माझ्यामागं आपल्या जागी आली आणि चालू लागली. पिशवी माझ्या हातात दिली. श्वास सरळ.

शाळेत पोचल्यावर मी देवाजी सरांना विचारलं, “यांच्या गावात रांगेत शेवटी कोण चालतं?”

“जे सगळ्यात तगडं असते ते. पुढच्यानं वाट पाहायची, शेवटच्यानं मागचं पाहायचं. अन् कोणी मागं राह्यलं तर त्याले घेऊन या लागते.” बोलता बोलता ते थांबले.

“सर, तुम्ही तिकडचेच ना?”

“आता बाई, चालाचं चालाचं असते, पळाचं पळाचं असते. मले काय मालूम पोरी मैदानातही वाटच चालून राह्यल्या!”

मी पाच मुलींचे पाच आकडे म्हणून जे भरलं होतं, तो एका रांगेचा एकच आकडा होता, पाचदा लिहिलेला. आणि चैतीचा आकडा त्यात नव्हताच.

दुपारची गाडी मी सोडली. ऊन उतरल्यावर मुलींना पुन्हा मैदानावर आणलं. रूपीसह चौघींना आधी सोडलं आणि चैतीला रेघेवर धरून ठेवलं. त्या पलीकडच्या वळणावर पोचल्या तेव्हा मी म्हटलं, “चैती, तुझी रांग पुढं गेली.”

ती गेली. काय पाहिलं ते नीट सांगता येत नाही. मैदान एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. चुन्याची धूळ तिच्या पायांमागं जराशी उठायची आणि ती खाली बसायच्या आत चैती पुढच्या वळणावर असायची. रांग गाठली की ती हळू होऊन आपल्या जागी बसायची, म्हणून पुढच्या वेळी आम्ही चौघींना आणखी लांबवर सोडलं. मग आणखी. शेवटी जवळजवळ सगळं अंतर तिला रांग गाठण्यातच पळावं लागलं. देवाजी सरांनी स्टॉपवॉच माझ्यापुढं धरलं.

मी आकडा दुरुस्त केला. इतर शाळांनाही कळवलं की लांब पल्ल्याची वेळ कशी घेतली तेही लिहा. मग यंत्र चालवलं. चैतीसमोर एक आला. रूपीसमोर शून्य.

मी सरांना फोन करून कळवलं. “बाई, रूपी नसली तर चैती कोणाच्या मागं पळन? तुम्ही पाह्यलं ना एकटीले.”

पाहिलं होतं. म्हणून मी एक नवी अट लिहिली: चैती जाईल तर रूपीही जाईल. अट खरी होती आणि कोणालाही दाखवता येण्यासारखी होती. पण बस भरलेली होती. आता यंत्र सिरोंचाकडची, कबड्डीच्या राखीवमधली मुलगी काढायला निघालं. तिचा काही दोष नव्हता. मी अटींची यादी वरून खाली पुन्हा वाचली. बसच्या अटीत एक सीट पहिल्या वर्षापासून धरून ठेवलेली होती. व्यवस्थापक म्हणून माझी. आश्रमशाळेच्या अधीक्षिका बाईंना मुलींबरोबर नियमानं जावंच लागतं, देवाजी सरांशिवाय मैदानावर चालत नाही. मी मात्र जायचे ते मला आवडायचं म्हणून. वर्षभर आकडे म्हणून भरलेल्या मुली तिथं पळताना दिसायच्या. माझं वर्ष त्या दोन दिवसांसाठी असायचं.

मी माझं नावही रकान्यात टाकलं, बाकीच्यांसारखं, आणि यंत्र चालवलं. माझ्यासमोर शून्य आलं. उशीर लागला नाही.

सरांना सांगितलं तर म्हणाले, “रूपीच्या मांडीवर बसून चला ना, बाई.”

पंधराशे मीटरच्या दिवशी अहेरीचा बाजार होता. मी भाजीची यादी घेऊन बाजारात उभी होते आणि फोन कानाला. मैदानाच्या काठावरून देवाजी सर सांगत होते.

“सुटल्या, बाई... रूपी मधात हाये, चैती तिच्या मागं... पोरी लयच तेज हायेत इथल्या... रूपी मागं पडून राह्यली... अवो, चैतीही मागं पडून राह्यली! शेवटी आल्या दोघी! मान वळवून पाहून राह्यली ते, अजून मागंच पाहून राह्यली...”

आणि रेंज गेली.

पुढची काही मिनिटं मी बाजारात होते असं म्हणता येणार नाही. समोर वांग्यांचे ढीग, कोणीतरी तेलुगूत भाव करतंय, बोरांचा आंबूस वास. त्या सगळ्याच्या पलीकडे पाऊलवाट आणि तिच्यावर दोन मुली, एकीमागं एक. मला चैतीला ओरडून सांगायचं होतं, तुझी रांग पुढं गेली. पण तिची रांग पुढं नव्हतीच. तिची रांग म्हणजे रूपी, आणि रूपी दमली होती. ही अट मीच लिहिली होती. भाजीवाली बाई म्हणाली, “घ्याचं का नाई घ्याचं?” मी यादीत बघितलं. यादीतली अक्षरं दिसेनात.

फोन पुन्हा वाजला तेव्हा सर हसत होते की रडत होते, ते आधी कळलंच नाही.

“तिसरी! तिसरी आली, बाई! वसतिगृहाच्या बाई आल्या होत्या, नाव विचारून गेल्या, घेतो म्हणाल्या!”

“पण ती तर शेवटी होती ना?”

“होती ना. मी त इथी देव आठवून राह्यलो. अन् मंग वळणावर रूपी बाजूले झाली. चैतीले पुढं घेतलं अन् आपण तिच्या मागं गेली. काहीतरी बोलली. अन् ते जे सुटली ना, बाई...”

“काय बोलली रूपी?”

“मी विचारलं तिले. म्हणे, मी सांगतलं तिले, आता मागं मी आहो. तू जाय.”

मी पिशवी खाली ठेवली. मग रूपीचं काय झालं ते विचारलं, कारण तिच्यासमोरचा आकडाही मला भरायचा होता.

रूपी शेवटची आली, सर म्हणाले. बाकीच्या सगळ्या पोचल्या तरी तिची फेरी चालूच होती. तिच्यामागं मैदान रिकामं होतं. तरी प्रत्येक वळणावर ती मान वळवून मागं बघत होती.